कोरा माल

झळाळ हाऊसकीपिंग कंपनीनं ते यंत्र विकत घेतलं ते काही कुणाचा कळवळा आला म्हणून नव्हे. नवा कायदा आला होता. इमारती, दवाखाने, विमानतळ झाडूनपुसून देणाऱ्या प्रत्येक मोठ्या कंपनीनं आपल्याकडची माणसं आपखुशीनं राबतात हे सिद्ध करायचं होतं. तेवढ्यावरही सुटका नव्हती. कंपनीची फडकी शिवणारी, फिनेल भरणारी, गणवेश धुणारी माणसंसुद्धा त्यात धरली होती. आजवर असले प्रश्न कागदावर विचारले जात आणि कागदावरच मिटत. 'आपल्या कारखान्यात कुणाला डांबून ठेवले आहे काय?' या प्रश्नापुढं 'होय' अशी खूण करणारा मालक अजून जन्माला यायचा होता. तेव्हा माणसांना विचारणं सोडून वस्तूंनाच विचारायचं, असं सरकारनं ठरवलं.

यंत्राचं मूळ नाव लांबलचक होतं. पुण्यातल्या बाणेरच्या ऑफिसात पहिल्याच दिवशी त्याचं बारसं झालं. ते हात बघायचं, म्हणून ज्योतिषी.

या ज्योतिषाची सगळी व्यवस्था कस्तुरी मगदूमकडे होती. पुरवठादारांकडून आलेल्या मालाची तपासणी हे तिचं काम. बाई मूळची इचलकरंजीची, यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेली आणि स्वभावानं संशयी. भाजीवाल्यानं हसून वजन केलं तरी ती काट्याकडे बघायची. यंत्र बसवायला आलेल्या निखत शेख या इंजिनिअर मुलीला तिनं पहिल्या दिवशी इतके प्रश्न विचारले की निखतचा डबा तसाच राहिला.

"माणूस कापडाला हात लावतो तेव्हा तो तिथं थोडासा मागं राहतो, मॅडम," निखत म्हणाली होती. "घाम, त्वचेवरचं तेल, झडलेल्या पेशी. प्रत्येकाचं मिश्रण वेगळं, त्यामुळं या फडक्यांना किती जणांचे हात लागले ते कळतं. झोप झाली नसेल, पोट भरलेलं नसेल, भीती असेल, तर शरीरात वेगवेगळी द्रव्यं तयार होतात. त्यांचे तुकडे घामातून बाहेर येतात. यंत्र ते तुकडे मोजतं."

"भीती कुणाला नसते? माझी वरिष्ठांसमोर उभी राहिल्यावर मोजलीत तर मीही डांबलेलीच निघेन."

"म्हणूनच एका दिवसाची भीती आपण धरतच नाही. महिनाभर शिवलेल्या मालातली शेकडो फडकी घ्यायची आणि त्यात रविवार शोधायचा."

"रविवार?"

"सुटी. मोकळ्या माणसाचा हात एकसारखा राहत नाही. सुटी झाली की झोप भरून निघते. सणावाराला तेलातुपाचं खाणं होतं, ते त्वचेच्या तेलात उतरतं. घरी भांडण झालं तर भीती चढते, मिटलं की उतरते. डांबलेल्या माणसाच्या हातात हे चढउतार नसतात. सगळे दिवस सारखेच. ज्या हातात रविवार सापडत नाही, तो हात मोकळा नाही."

कस्तुरीला हे पटलं. नुसतं पटलं नाही, आवडलं. माणसाचं स्वातंत्र्य कशात असतं याबद्दल तिनं पुष्कळ भाषणं ऐकली होती, पण त्यातलं एकही इतकं सरळ नव्हतं.

यंत्राच्या पडद्यावर तीन शेरे उमटत. हिरव्यात 'मोकळे हात', तांबड्यात 'संशयास्पद' आणि पांढऱ्यात 'कोरे'. पडदा मराठीत हवा हा आग्रह खरेदीप्रमुख परचुऱ्यांचा. देशभरात एवढ्या कंपन्यांनी ते यंत्र घेतलं, पण मराठी मागणारी झळाळ एकटीच, हे ते पाहुण्यांना आवर्जून सांगत.

आता नवी फडकी विकत घेणाऱ्या माणसाला 'कोरे' या शब्दानं काय वाटावं? कोरं म्हणजे नवं, न वापरलेलं, घडीसुद्धा न मोडलेलं. परचुऱ्यांना वाटलं, हिरव्यापेक्षाही हा वरचा शेरा दिसतो. ऑफिसात सगळ्यांना तसंच वाटलं. संशयी कस्तुरीलाही वाटलं, कारण मातृभाषेतल्या शब्दावर कोण संशय घेतो? पाहता पाहता 'कोरे' मिळवणाऱ्या पुरवठादाराला पुढची ऑर्डर आधी, अशी रीत पडली.

इचलकरंजीचं खोत युनिट हे कस्तुरीच्या थोरल्या बहिणीचं. सुवर्णा खोत, म्हणजे तिची अक्का. आई गेल्यावर अक्कानंच तिला वाढवलं होतं. बचत गटाच्या बायकांना घेऊन अक्का फडकी शिवून द्यायची. अक्काचा पहिला माल तांबडा आला. सण तोंडावर होते आणि त्या बायकांनी महिनाभर सुटी न घेता माल उरकला होता. कुणी डांबलं नव्हतं, पण ज्योतिषाला रविवार सापडला नाही. कस्तुरीनं खुलासा लिहून तो माल कसाबसा पास करून घेतला आणि अक्काला फोनवर सांगितलं, "पुढच्या वेळी माल कोरा येऊ दे बघ. कोऱ्याला इथं कुणी हात लावत नाही."

पुढच्या वेळेपासून अक्काचा माल कोरा येऊ लागला.

*

एके दिवशी कस्तुरीच्या हातून टेबलावर चहा सांडला. समोर खोत युनिटचा नवा गठ्ठा होता. तिनं त्यातलंच एक फडकं ओढलं आणि चहावर टाकलं. चहा क्षणात नाहीसा झाला.

तिनं फडकं उचलून पाहिलं. मग बाटलीतलं पाणी टेबलावर ओतून दुसरं फडकं टाकलं. तेही घटाघटा प्यायलं.

इचलकरंजीत वाढलेल्या पोरीला हे कुणी शिकवावं लागत नाही. मागावर चढण्याआधी सुताला खळ लावतात. मागावरून उतरलेलं कापड त्या खळीनं ताठ असतं आणि पाणी ढकलतं. ते पाणी प्यायला लागण्याआधी दोन-तीनदा धुवावं लागतं. म्हणजे ज्योतिषी ज्याला कोरं म्हणत होता, ते फडकं कोरं नव्हतं. कुणीतरी ते धुतलं होतं, आणि चांगलं रगडून धुतलं होतं. विकायचं नवं कापड कोण कशाला धुवेल?

तिनं निखतला फोन लावला.

"तुमच्या यंत्रावरच्या पांढऱ्या शेऱ्याचा अर्थ काय?"

"काय लिहिलंय तिथं?"

"कोरे."

निखत आधी हसली. मग तिचं हसू थांबलं. "मॅडम, मूळ भाषेत तिथं रिकाम्या कागदाला वापरतात तो शब्द आहे. म्हणजे नमुना रिकामा. हातच सापडला नाही, तपासणी झालीच नाही, पुन्हा नमुना घ्या, असा त्याचा अर्थ. कोरा कागद असतो ना, तसं कोरं."

"आणि आम्ही कोरं लुगडं असतं तसं समजलो."

"भाषांतर दुसऱ्या एका यंत्रानं केलंय. त्यानं कधी लुगडं नेसलंय? पण खरं सांगू का, हातानं शिवलेल्या फडक्यावर हात न सापडणं हेच अशक्य आहे. तिथं तांबड्यापेक्षा जास्त घाबरायला हवं."

"इतर ठिकाणी असा गोंधळ झालाय का?"

"कसा होईल? मराठी तुम्हीच मागितली होती."

कस्तुरीनं फोन ठेवला. तिला स्वतःचा भयंकर राग आला होता. आणि त्या रागाखाली आणखी काहीतरी हलत होतं, त्याच्याकडे बघायची तिची छाती होईना.

तिनं हे जाऊन सांगितलं तेव्हा परचुरे मात्र शांत होते. त्यांनी चष्मा काढला, टेबलावरच्या फडक्यानं पुसला आणि म्हणाले, "मॅडम, कोरं म्हणजे कोरं. शब्दकोश काढून बघा. रुग्णालयाची मोठी ऑर्डर तोंडावर आहे आणि आता तुम्ही शब्दांचा कीस काढत बसणार?"

"सर, धुवून हात काढून टाकलेत. कशाला काढले असतील?"

"फडकं किती मऊ आलंय बघा." त्यांनी ते काचेवरून पुन्हा फिरवलं. "खोत युनिट. तुमच्या भगिनींचंच ना ते? आम्ही कधी त्याचा उल्लेख केला नाही. करायची वेळ आणू नका."

या माणसाला सगळं ठाऊक होतं की काहीच ठाऊक नव्हतं? त्या पुसून लख्ख झालेल्या चष्म्यामागं तिला काही वाचता येईना. ती बाहेर आली तेव्हा ऑफिसातली प्रत्येक मान तिला जरा जास्तच खाली घातलेली वाटली.

*

धुतलेल्या फडक्यांवर काही सापडणार नव्हतं. फडक्यांची घडीही पुढं हातमोजे घालून केली जात असणार, हेही उघड होतं. पण कस्तुरी मागवाल्यांच्या गल्लीतली होती. गठ्ठा बांधतात तो कापडाच्या काठाच्या चिंधीनं, आणि हातमोजे घालून चिंधीची गाठ घट्ट बसत नाही. गाठ मारायला उघडी बोटंच लागतात. कायदा मालाची तपासणी करा म्हणत होता, बांधणीची नव्हे. त्यामुळं त्या चिंध्या रोज स्टोअरच्या कोपऱ्यात फेकल्या जात. तिनं पिशवी भरून खोत युनिटच्या चिंध्या गोळा केल्या, जुन्या गठ्ठ्यांच्या आणि नव्याही, आणि दुपारी सगळे जेवायला गेले असताना ज्योतिषाच्या पोटात घातल्या.

पडदा तांबडा झाला.

जुन्या गाठींवर आठ बायांचे हात होते. झोप अपुरी, पोट अर्धं, भीती अखंड. रविवार कुठंही नाही. सगळ्यांच्या कातडीत कास्टिक सोड्याच्या जखमांची लक्षणं होती. नव्या गाठींवर त्यातल्या सातच जणी होत्या. आठवीचा हात हळूहळू क्षीण होत जाऊन एका गठ्ठ्यापासून दिसेनासा झाला होता.

आणि त्यांच्याखेरीज एक हात होता. तो प्रत्येक गाठीवर होता, शेवटचा, सगळ्यात वरचा. गाठी पक्क्या बसल्या का ते ओढून बघणारा. या हातात झोप होती, तूप होतं आणि नियमानं येणारा रविवार होता. भीतीही होती. पण रविवार होता.

दाजींचा असेल, असं कस्तुरीनं स्वतःला सांगितलं. अक्काचा नवरा म्हणजे जरा हातचलाख माणूस. त्यांनीच हा उद्योग मांडला असेल आणि बिचाऱ्या अक्काला पत्ताही नसेल. पण यंत्रानं तो बाईचा हात म्हणून दाखवला होता.

गेल्याच आठवड्यात अक्कानं बेसनाच्या लाडवांचा डबा पाठवला होता. डबा ज्या फडक्यात बांधून आला ते घरी खुंटीला लटकत होतं. दुसऱ्या दिवशी तिनं ते आणलं. यंत्रात घालण्याआधी ती ते हातात धरून थोडा वेळ उभी राहिली. त्याला वेलदोड्याचा वास येत होता. आपण आपल्या अक्कावर पाळत ठेवतो आहोत, या विचारानं तिला अगदी किळस आली, आणि तरी तिनं ते आत सरकवलं.

तोच हात होता.

*

इचलकरंजीला ती न कळवता गेली. खाली शिवणाची यंत्रं चालू होती. बचत गटाच्या ओळखीच्या बायका, हसणं-खिदळणं, कुणाच्या तरी जावयाची टवाळी. "कस्तुरी आली की गं," एकीनं हाक दिली. इथं रविवार भरपूर होता, त्याला यंत्राची गरज नव्हती.

"मावशी, फडकी धुतं कोण?" तिनं सहज विचारावं तसं विचारलं.

बोलणं थांबलं. यंत्रं तेवढी चालू राहिली. "ते दाजींच्याकडं असतंय," मघाशी हाक देणारी म्हणाली आणि दोरा तोडायला वाकली. नंतर पुन्हा कुणी हसलं नाही.

"अगं बया, फोन तरी करायचा न्हाईस व्हय?" अक्का जिन्यातच भेटली. तिनं कस्तुरीच्या गालावरून हात फिरवला, वाळलीस म्हणाली, आणि तव्यावर भाकरी टाकलीसुद्धा. कस्तुरी ताटासमोर बसली, पण घास घेतला नाही.

"अक्का, तुम्ही फडकी धुता."

"झाडलोटीचं सामान हाय. स्वच्छच पाठवायला पायजे न्हवं?"

"मला शिकवू नकोस. कोरं कापड कोण धुतं?"

अक्कानं भाकरी उलटली. "तूच म्हणालीस, कोरा माल दे. म्हणालीस का न्हाई?"

"नवा, असं म्हणायचं होतं मला."

"नवाच होता की आमचा! नवाच पाठवला, तर तुझ्या यंत्रानं तांबडं दाखवलं. मग नव्याचा कोरा कसा करायचा? ह्यांनी चौकशी केली. एकजण म्हणाला, कास्टिकच्या उकळत्या पाण्यातनं काढा, मग ब्लीच द्या, यंत्र गप्प बसतंय. तसं केलं आणि बसलं की गप्प. तुझाच फोन आला, शाब्बास अक्का म्हणून."

तो फोन तिनं केला होता. अगदी मनापासून केला होता.

"धुतं कोण?"

"आपल्या बायका तयार होईनात. वाफेनं हातमोज्यात पाणी शिरतंय, हाताची सालं निघत्यात. मग ह्यांनी लांबनं बायका आणल्या, पार वडिसा-झारखंडाकडच्या, आणि जुन्या सायझिंगमागच्या शेडात ठेवल्या. पहिल्या आल्या त्या आठवड्यात पळाल्या. ऑर्डर तोंडावर. दुसऱ्या आणल्या तवा..."

"तेव्हा कुलूप लावलं. फोन काढून घेतले. आधार कार्डंही घेतली असतील."

"कुलूप मी लावलं न्हाई."

"किल्ली कुणाकडं असते?"

अक्काचा हात आपसूक कमरेकडे गेला आणि तिथंच थांबला. तिनं तो झटकन काढून घेतला, पण दोघींनी पाहिलं होतं.

"त्या आठ जणी होत्या, आता सात आहेत. एक कुठं गेली?"

"तुला कोण म्हणालं?" अक्काचा चेहरा उतरला. "आजारी हाय. आतच झोपून हाय. औषध देतोय आम्ही."

"दवाखान्यात नेलंस?"

अक्कानं गॅस बंद केला आणि कस्तुरीसमोर खाली बसली. "हे बघ, ही रुग्णालयाची ऑर्डर जाऊ दे. मग सगळ्यांना गाडीत बसवून देते, देवाशपथ. आता बोभाटा केलास तर हे आत जातील, मी आत जाईन, खालच्या बायकांच्या चुली विझतील. तू शिकावीस म्हणून मी शाळा सोडली आणि मागावर बसले. कधी बोलून दाखवलं? आज दाखवते. एवढं एक ऐक."

"आज सोड त्यांना. आत्ता चल, मी बरोबर येते. कुणाला काही सांगत नाही."

"आज कसं जमंल?" अक्का अगदी कळवळून म्हणाली. "अजून निम्मा माल भिजत पडलाय."

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरोखरच तो भिजलेला माल दिसत होता. लहानपणी तापात रात्र-रात्र उशाशी बसलेली अक्का ती हीच. आत झोपून असलेल्या त्या बाईच्या उशाशी कोण बसलं असेल, हा विचार कस्तुरीच्या मनात आला आणि मग जाईना. ती उठली. अक्का दारापर्यंत आली, जेवून तरी जा म्हणाली.

एस. टी. स्टँडवर पुण्याची गाडी उभी होती. कस्तुरी तिच्यात चढली, खिडकीशी बसली. गप्प राहायचं ठरवलं तर काहीच करावं लागणार नव्हतं. परचुरे खूश, अक्का खूश, पडदा पांढरा. कंडक्टरनं घंटी ओढली तेव्हा ती ओरडून उठली, "थांबा, उतरायचंय." गाडीतली माणसं वैतागली. ती उतरली आणि रस्त्यातच उभं राहून तिनं कामगार खात्याच्या अधिकारी बिराजदार बाईंना फोन लावला. बोलताना रडू येत होतं, पण तिनं पत्ता, नाव, दाजींचं नाव, अक्काचं नाव, सगळं नीट सांगितलं.

*

जुन्या सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावायच्या बंद कारखान्याच्या, मागं पत्र्याची शेड होती. जवळ जाताच डोळे चुरचुरायला लागले. लोखंडी फाटकाला बाहेरून कुलूप होतं. दाजी आधीच पसार झाले होते. अक्का मात्र आली, पोलिसांच्या गाडीमागून धावत, पायांत चपला नसलेली. कुलूप तोडायला गजाची गरज पडली नाही. तिनं किल्ली काढून दिली.

आत हौदांमधून वाफ येत होती. बायका हौदाशी उभ्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. मागच्या अंगाला एका बाजेवर आठवी पडली होती. दोन्ही हात कोपरापर्यंत झळाळच्या फडक्यांत गुंडाळलेले. ती शुद्धीवर होती. बिराजदार बाईंनी तिच्या कपाळाला हात लावला आणि रुग्णवाहिकेतल्या माणसांना शिवी हासडून लवकर या म्हणाल्या. तिला बाहेर नेताना कस्तुरीनं पाहिलं, पोरगी विशीचीसुद्धा नसेल.

राहिलेल्या सातजणींतली सुकुरमणी नावाची एक थोडं हिंदी बोलत होती. मराठी येतं का, असं बिराजदार बाईंनी विचारलं. तिनं जरा विचार करून एकच शब्द सांगितला, "कोरा." दिवसभर तोच कानावर पडत असे. तो चांगला की वाईट, हे तिला माहीत नव्हतं.

बिराजदार बाई फाटकापाशी जबाब घ्यायला बसल्या. "माल असा धुवायचा, हे कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई," अक्का म्हणाली. "माझ्या डोक्यातनं निघालं. हे, आणि मी. बहिणीचा काही संबंध न्हाई. ती पुण्याला असती, तिला ह्यातलं काय ठाऊक?"

ती कस्तुरीकडे बघतसुद्धा नव्हती. कस्तुरीला एकदम हायसं वाटलं. लाज वाटावी इतकं हायसं वाटलं. नोकरी राहणार होती, नाव राहणार होतं आणि हे सगळं पुन्हा एकदा अक्कानंच स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं.

"मॅडम, माझंही लिहून घ्या," ती म्हणाली. "कोरा माल मी मागितला. तो कोरा आला म्हणून फोन करून शाबासकी दिली. नवं कापड धुतलेलं आहे हे मला पहिल्याच गठ्ठ्याला कळायला हवं होतं. माझी बहीण आहे म्हणून मी तो हातात घेऊन पाहिलाच नाही. आणि आमच्या ऑफिसात हे सांगितलं तेव्हा मला गप्प बसायला सांगणाऱ्याचं नाव परचुरे."

"गप बस की गं!" इतका वेळ कोरड्या डोळ्यांनी उभी असलेली अक्का आता हुंदका देऊन रडायला लागली. "एक तरी भाईर राहू दे. माझ्या पोरांकडं कोण बघंल?"

कस्तुरीनं तिचा हात धरला. अक्कानं तो सोडवून घेतला नाही, पण बोटंही वळवली नाहीत. बिराजदार बाई खाली मान घालून लिहीत राहिल्या.

मग त्या उठल्या आणि बायकांकडे वळून हिंदीत म्हणाल्या की आता तुम्ही मोकळ्या आहात, बाहेर गाडी उभी आहे, चला. फाटक सताड उघडं होतं. बायका फाटकापर्यंत आल्या आणि थांबल्या. बिराजदार बाईंनी पुन्हा सांगितलं. कुणीच हललं नाही.

सुकुरमणीनं बिराजदार बाईंकडे पाहिलं नाही. कस्तुरीकडेही नाही. तिनं सोललेला हात पदराखाली लपवला आणि भीत भीत विचारलं, "अक्का, जाऊं?"

अक्का. त्याही तिला अक्काच म्हणत होत्या. अक्कानं तोंड उघडलं, पण शब्द फुटेना, आणि तिच्याकडून होकार येत नाही म्हणून त्या सातही जणी उघड्या फाटकात तशाच ताटकळत उभ्या राहिल्या.